पोळ्याच्या तोंडावर रिफंड आला, आणि माझ्याआधी घरात वाटणीही झाली

सिस्टर_राळेगाव | २० ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी आरोग्यसेविका आहे, राळेगाव तालुक्यात, एका उपकेंद्रावर. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या बीपी मोजायला आलेल्या बाया आधी रिफंडचंच विचारतील.

सोमवारी मी गृहभेटीला होते. झडी लागलेली, स्कूटी चिखलात घालायची सोय नव्हती म्हणून पायीच. तेवढ्यात यांचा फोन : ‘अवं, इन्कम टॅक्सचे तीस हजार आठशे दहा आले नं!’ पैसे माझे, खातं माझं, पण खात्याला जोडलेला नंबर यांचा. २००९ साली नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता, यांचा दिला आणि तो तसाच राहिला. त्यामुळे सोळा वर्षांपासून माझ्या पगाराची खबर आधी वावरात पोचते, मग माझ्यापर्यंत.

संध्याकाळी घरी आले तोवर वाटणी होऊन गेली होती. यांचं म्हणणं, कृषी केंद्राची उधारी द्यायची. खत, तणनाशक, दोन फवाऱ्यांचं औषध मिळून १८,४०० रुपये. पोळ्याआधी दिले तर एवढेच, दिवाळीत कापूस निघाल्यावर दिले तर १९,५००. सासूबाईंचं म्हणणं यांनीच सांगितलं, ‘माय म्हणते यंदा महालक्ष्म्यांच्या आधी पोतीचं पाहा.’ सोनं तोळ्याला लाखावर गेलंय, त्यात पोतीचं काय पाहणार? पोराला कोचिंगसाठी टॅब पाहिजे. दीर नागपूरहून फोनवर म्हणाला, सोसायटीचं पीककर्ज फेडून टाका, सातबारा मोकळा करा. कर्ज १ लाख २० हजार, रिफंड तीस हजार. दिराचं गणित नेहमी असंच असतं.

मला काय पाहिजे हे अजून कोणी विचारलेलं नाही, म्हणून इथे विचारते आहे.

आधी हे पैसे आले कसे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल लॉटरी लागली. २०२४-२५ चा माझा एकूण पगार ८ लाख ६४ हजार. डिसेंबरात ऑफिसला करबचतीचं डिक्लेरेशन द्यायचं होतं, तेव्हा मी सर्वेक्षणात अडकले आणि दिलंच नाही. चूक माझीच. मग नव्या करपद्धतीने हिशोब झाला, ७५ हजार वजा जाऊन ७ लाख ८९ हजारांवर ३०,०६० रुपये कर बसला. जानेवारी-फेब्रुवारीच्या पगारातून तो कापून गेला. त्या दोन महिन्यांत किराणा कसा भरला ते विचारू नका.

जुलैत रिटर्न भरताना जुनी पद्धत निवडली. ५० हजारांची प्रमाणित वजावट, व्यवसाय कराचे अडीच हजार, ८०सी चे दीड लाख, घरकर्जाचं व्याज ७१ हजार, एनपीएस पेन्शनचे वरचे ५० हजार. एवढं करूनही ५ लाख ४० हजार ५०० उरत होते. पाच लाखांच्या आत आलं की कर शून्य, आणि ४०,५०० आडवे आलेले. तिथे माझी आई कामी आली. तिचं वय ६६, विमा नाही, तिच्या गुडघ्याचा आणि औषधांचा वर्षभराचा ४२ हजारांचा खर्च मी फोनवरून भरलेला. साठीच्या पुढच्या आईवडिलांचा विमा नसेल तर असा खर्च ८०डी मध्ये ५० हजारांपर्यंत धरता येतो, फक्त रोख दिलेला चालत नाही. सासूबाईंच्या मोतीबिंदूची पावतीही मी जपून ठेवली होती, पण सासू-सासरे त्या कलमात ‘आईवडील’ नाहीत. हे मी घरी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तर कर शून्य झाला, कापलेले सगळे परत आले, वर ७५० रुपये व्याज. म्हणजे सरकारने काही दिलं नाही. माझाच दोन महिन्यांचा अडकलेला पगार परत आला.

आता खरी गोष्ट. हा रिफंड दर वर्षी याच दिवसांत येतो, आणि कापसाच्या घरात हेच सगळ्यात कोरडे दिवस असतात. पेरणी झालेली, खताचा दुसरा हप्ता पडलेला, निंदणाच्या बायांची मजुरी आठवड्याला द्यायची, आणि बोंड अजून हिरवं. दिवाळीपर्यंत एक रुपया येणार नाही. त्यामुळे रिफंड आला की पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, मुळाशी जिरतो. गेल्या वर्षीचा बोंडअळीच्या फवाऱ्यात गेला, त्याच्या आधीचा दिराच्या लग्नातल्या मंडपवाल्याची बाकी चुकवण्यात. दिवाळीला कापसाचे पैसे येतात तेव्हा ‘हे तुझे घेतले होते’ असं कोणी म्हणत नाही. वाईट मनाने नव्हे, लक्षातच राहत नाही.

माझ्या मनात दोन गोष्टी आहेत. एक, विहिरीवर सौर पंप. चार एकर आहे, सासऱ्यांच्या नावावर. विहिरीला पाणी आहे, वीज जोडणी नाही. रब्बीत हरभऱ्याला दोन पाणी द्यायचं तर डिझेल इंजन, तेही शेजाऱ्याचं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये आपला हिस्सा दहा टक्के आहे, तो या पैशातून भरावा असं वाटतं. दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. माझी खालची दाढ दोन वर्षांपासून ठणकते. गावाला सांगते ‘दुखणं अंगावर काढू नका’, आणि स्वतः लवंग धरून झोपते.

काय करू? उधारी दिली तर परत तेच. नाही दिली तर अकराशे रुपये फुकट जातात, हेही दिसतं.

---

चांदीचा_तोळा | २० ऑगस्ट, रात्री ११.१५

सोनं घ्या ताई, डोळे झाकून.

---

निवृत्त_कॅशियर_आर्वी | २१ ऑगस्ट, सकाळी ७.०५

ताई, डोळे उघडे ठेवा. तीस हजारांत जेमतेम तीन ग्रॅम येईल, त्यात तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ गेली. अडचणीला मोडायला गेलात तर आणखी घट.

तुमच्या दिरांचा सल्ला आधी बाजूला काढतो. सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांच्या आत आहे आणि ३१ मार्चच्या आत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्यावर व्याज शून्य पडतं. शून्य टक्क्याचं कर्ज ऑगस्टमध्ये फेडायला पळायचं कशाला? मार्चमध्ये फेडा, पण तारीख चुकवू नका. ‘माफी येणार आहे, थांबा’ असं ऐकून थकबाकीत गेलेले कितीतरी खातेदार मी काउंटरच्या आतून पाहिलेत. माफीचं तेव्हा पाहू, शून्य टक्का मात्र त्याच दिवशी गेलेला असतो.

आता उधारी. १८,४०० वर दोन महिन्यांचे ११०० म्हणजे महिन्याला शेकडा तीन. वर्षाचे ३६ टक्के. तुमचं घरकर्ज नऊच्या आसपास असेल, मुदत ठेव सात देईल. या सगळ्यात महाग पैसा कृषी केंद्राचा आहे. त्यामुळे वाईट वाटलं तरी सांगतो, हिशोबात तुमचे मालक बरोबर आहेत. आधी उधारी.

पण तुम्ही एक गोष्ट पाहिलेली दिसत नाही, म्हणून हे लांबण लावतो. हा तुमचा बहुतेक शेवटचाच मोठा रिफंड आहे. १ एप्रिल २०२५ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही, पगारदाराला ७५ हजारांची वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. तुमचा पगार त्याच्या बराच आत आहे. म्हणजे येत्या जानेवारी-फेब्रुवारीत काही कापलं जाणार नाही, आणि पुढच्या पोळ्याला काही परत येणार नाही. आईच्या पावत्याही कराकरता जपायची गरज उरली नाही.

ऐकायला हे छान आहे. पण माझ्या नोकरीतला अनुभव असा की, कापून गेलेला पैसा एकदम परत आला तर घरात त्याची चर्चा तरी होते. न कापलेला पैसा पगारात मिसळतो आणि कुठे गेला ते कळत नाही. तेव्हा ३०,००० भागिले १२, महिन्याला २,५०० ची आरडी आत्ताच सुरू करा. बँकेची एक वर्षाची. पोस्टाची पाच वर्षांची असते, पंपासाठी ती उपयोगाची नाही.

दोन बारीक गोष्टी. ते ७५० रुपये व्याज पुढच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवा, मूळ रिफंड दाखवायचा नसतो. आणि रिफंड आल्यावर ‘अजून रक्कम बाकी आहे, इथे दाबा’ असे मेसेज येतात, तुमच्या मालकांच्या फोनवर येतील. दाबू नका म्हणावं.

---

ज्योती_पुसद | २१ ऑगस्ट, दुपारी १.३०

काकांचं गणित बरोबर असेल, पण ते बँकेचं गणित आहे. सिस्टर, मीही नोकरीवाली, माझंही घर शेतीवाल्यांचं. छत्तीस टक्के वगैरे ठीक. पण दर वर्षी तुमच्या पैशाने उधारी फिटते म्हणून तर दर वर्षी उधारी होते, नाही का? तुमचा रिफंड घरात सगळ्यांनी जूनमध्येच धरलेला असतो. कृषी केंद्रवाल्यानेही धरलेला असेल, आमच्याकडचा तर धरतो. ‘मॅडमचं येईलच नं ऑगस्टात’ असं तो माझ्या तोंडावर म्हणाला होता.

मी काय केलं ते सांगते. उधारी दिली, पण घराला उसने म्हणून दिली. शाळेतलीच शंभर पानी वही, त्यात तारीख, रक्कम आणि यांची सही. सही मागितली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. सासरे म्हणाले, ‘नवरा-बायकोत कुठं चिठ्ठी असते का बाप्पा!’ मी म्हटलं, बाबा, तुम्ही भावाकडून बैलजोडीचे पैसे घेतले तेव्हा लिहिलं होतं नं? ते गप्प बसले. पहिल्या वर्षी अर्धेच परत आले. पण परत आले.

आणि तो मोबाईल नंबर आधी बदला. बाकी सगळं नंतर.

दाढेचं काय विचारता? उद्या जा.

---

वावरवाला_हिंगणघाट | २१ ऑगस्ट, रात्री ९.२०

सिस्टर, सौर पंपाचं मी सांगतो, माह्याकडे दीड वर्षापासून हाय.

पयली गोष्ट, अर्ज सासऱ्याच्या नावानंच करा लागन, कारण सातबारा त्यायचा. विहीर सातबाऱ्यावर चढली हाय का ते पाहा. आमच्या धुऱ्यावरच्या एकाची विहीर वीस वर्षांची, पण कागदावर नाही. तलाठ्याकडे चकरा मारता मारता हंगाम गेला. चार एकर म्हणजे अडीच ते पाचच्या मधात, तुमाले ५ एचपीचा बसन. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर करा लागते. हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीचे असान तं पाच. पण मुद्दा असा का, अर्ज केला का लगेच पैसे भरा लागत नाही. डिमांड, म्हंजे पैसे भराची नोटीस, आल्यावर भराचे. तो आकडाबी तवाच नक्की कळते. तं आज ते तीस हजार दाबून ठेवून काय करता? अर्ज आजच टाका, त्याले पैसे लागत नाही.

पंप चांगला हाय. दिवसा पाणी, डिझेलची कॅन वाहाचं काम नाही. पाच वर्षं दुरुस्तीची हमी अन् विमा त्यातच हाय. पण ढगाळीत मंद चालते, हे कोणी सांगत नाही. तुमची विहीर खोल असन तं कंपनी निवडताना पंप किती फुटावरून उचलते ते विचारजा.

दुसरी गोष्ट, उधारीची. ते ११०० रुपये दिसतात, पण खरं नुकसान मागून होते. ज्याची उधारी त्यालेच पयल्या वेच्याचा कापूस टाका लागते, निदान आमच्याकडे तं तसंच हाय. अन् पयला वेचा ओला असते, तो म्हणन तो भाव. यंदा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० हाय, मध्यमचा ७,७१०. सीसीआयले, म्हंजे सरकारी कापूस खरेदीले, ८ टक्के ओलावा पायजे, १२ पर्यंत घेते पण पैसे कापते. म्हणजे कापूस घरात थांबवता आला पायजे. उधारी फिटली असन तं कास्तकार थांबू शकते, नाही तं नाही. त्यात परवा १९ तारखेपासून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत काढलं. खाजगीत भाव काय राहीन ते दिसूनच राहिलं.

म्हणून मी म्हणतो उधारी द्या, पण मालकाले एक अट घाला. यंदा कापूस सीसीआयले, अन् त्यातून तुमचे पैसे परत.

---

सिस्टर_राळेगाव | २३ ऑगस्ट, दुपारी ३.००

सगळ्यांना धन्यवाद. आज तान्हा पोळा, बाहेर पोरं लाकडी बैल घेऊन हिंडताहेत, घरी कोणी नाही, म्हणून लिहायला सापडलं.

शेवटचा रिफंड ही गोष्ट खरंच लक्षात आली नव्हती. गुरुवारी रात्री जेवताना सांगितली. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मंग पुढच्या पोळ्याले कसं?’ सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या पैशाची किंमत घरात कोणी मोजली असेल, तीही तो बंद होणार म्हटल्यावर.

वही केली. सही मागितली नाही, ज्योतीताईंइतकी छाती नाही माझी. ह्यांच्याच हाताने लिहून घेतलं : ‘कृषी केंद्र १८,४००, सिस्टरकडून.’ सिस्टर लिहिलं, बायको नाही लिहिलं, मला हसू आलं.

पोतीची गंमत ऐका. सासूबाईंना सोनं नकोच होतं. त्यांच्या काळ्या पोतीचा सर तुटलाय, मणी डबीत ठेवलेत, तो गाठवून पाहिजे होता. दीड-दोनशेचं काम. यांनी ‘पोतीचं पाहा’ एवढंच ऐकलं आणि मीही पुढे विचारलं नाही, मनातल्या मनात तीन दिवस त्यांच्यावर धुसफुसले. आईच्या पावतीचं त्यांना सांगितलं नाही ते बरंच केलं असं तेव्हा वाटलं होतं, आता वाटत नाही.

पोराचा टॅब यंदा नाही. तो चिडला आहे.

---

सिस्टर_राळेगाव | ३० नोव्हेंबर, रात्री ९.५०

काकांनी निरोपात विचारलं पुढे काय झालं, म्हणून लिहिते.

सप्टेंबरच्या पावसाने खालची बोंडं सडली. चार एकरात वेचणी झाली ती गेल्या वर्षीच्या अर्ध्याला थोडी वर. आयात शुल्काची सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढली, खाजगीत भाव काय मिळाला ते इथे कापूसवाल्यांना सांगायला नको. उधारी नव्हती म्हणून पहिला वेचा विकला नाही, पडवीत पसरून वाळवला. सीसीआयसाठी कपास किसान अ‍ॅपवर सासऱ्यांची नोंदणी मीच केली. बाबांचा अंगठा, माझा चष्मा आणि गच्चीवरची रेंज, दोन तास गेले.

पहिल्या गाडीचे पैसे आले तेव्हा यांनी वही काढली. मी काढली नाही, त्यांनी काढली. ११,००० माझ्या खात्यात टाकले आणि खाली लिहिलं, बाकी ७,४००. दुसरा वेचा हलका आहे, ते बाकी या वर्षी येतील असं मला वाटत नाही, पण आकडा लिहिलेला आहे.

दाढ झाली, यवतमाळला, साडेचार हजारांत. डॉक्टर म्हणाले दोन वर्षांपूर्वी आला असता तर नुसती चांदी भरून भागलं असतं. हे मी आमच्या एकाही बाईला सांगितलं नाही. सौर पंपाचा अर्ज टाकला, विहिरीची नोंद सातबाऱ्यावर निघाली, डिमांडची वाट पाहतो आहोत. यंदाचा हरभरा डिझेलवरच. २,५०० ची आरडी सप्टेंबरपासून सुरू आहे.

खात्याचा नंबर बदलायला बँकेत दोन चकरा झाल्या. आता मेसेज माझ्या फोनवर येतो. पगाराच्या दिवशी हे वावरातून आले, हातपाय धुतले, आणि माझ्या फोनकडे पाहत म्हणाले, ‘पैसे आले का वं?’

म्हटलं, थांबा, पाहून सांगते.